बेंबीवरचा ठोका

नवशा गेला तो बायकोच्या हातानं, असं तुम्ही ठरवून टाकलंत साहेब, आणि मोकळे झालात. सोपं होतं. सातपाटीची म्हातारी, सुकट विकणारी, शाळा न पाहिलेली. तिच्यावर ढकललं की ती उलट बोलणार नाही, याची तुम्हाला खात्री. तिचा दोष नव्हता असं इथं कोणी म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाही. पण ऐकायचं तर सगळं ऐका.

नवशाची ही बायको, येसूबाई, बेंबी बसवायची. पोटात कळ आली, जुलाब लागले, जड उचलताना काही सरकल्यासारखं झालं, की आळीतली माणसं उपाशीपोटी तिच्या ओट्यावर येऊन आडवी पडायची. ती खोबरेल लावून बोटांनी पोटातला ठोका शोधायची. बेंबीत लागला तर ठीक. वर-खाली लागला तर बेंबी सरकली. मग अंगठ्यांनी रेटत त्याला जागेवर आणायचं. सासूनं शिकवलेलं काम. माणसं उठून चहा प्यायची आणि हसत घरी जायची.

नवऱ्याची पाठ धरली तेव्हा मात्र तिनं आधी हात लावला नाही. आधी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. नवशाचा जन्म होडीवर गेलेला, तोंडातली विडी झोपेतच काय ती सुटायची. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. मशीन होती. मशीनवर बघणारा डॉक्टर नव्हता. जागा रिकामी, बाहेरचे डॉक्टर बुधवारी येतात, म्हणाले. बुधवारी गेले तर ते आलेच नाहीत. पुढच्या बुधवारीही नाही. दर खेपेला गॅसच्या गोळ्या घेऊन परत.

"मी आता नाय येनार," एसटीत नवशा म्हणाला. "त्या मशीनचं तोंड बघायला कोन जातंय सारखं? घरात डाक्टरीन हाय माझी."

"गप बसा. तुमची बेंबी नाय, डोकं सरकलंय."

"मग तेच बसव."

येसूबाई खो खो हसली. त्या हसण्याची तिला आज शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला ओट्यावर निजवलं. ठोका बेंबीच्या वर लागला. पण केवढा! एरवी बोटाच्या पेराखाली मावणारा ठोका इथं मुठीएवढा होता, जाळ्यातून नुकत्या काढलेल्या मासळीसारखा उसळत होता. इतक्या वर्षांत तिनं असला पाहिला नव्हता. तिचे हात क्षणभर थांबले. तेव्हाच काढून घ्यायला हवे होते. पण शेजारची गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय गं येसू, गावाची बसवतेस नि घरच्याची बसत नाय व्हय?"

येसूबाईला चेव आला. तिनं दोन्ही अंगठे टेकवले आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबलं.

नवशा ओरडला. मग "बरं वाटलं" म्हणाला. बायकोचं मन राखायला म्हणाला. दुपारी तो पाठ धरून कोसळला.

मुलगा सुजीत तारापूरला कारखान्यात कामाला. त्यानं फोनवर सांगितलं, बोईसरला आणा, मी दवाखान्यात येतो. गोजराबाईचा नवरा गोमा यानं आपला बर्फाचा टेम्पो काढला. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. सुजीत केसपेपर काढायला गेला तेवढ्यात तिनं येसूबाईला विचारलं, "पोटाला मार लागलाय का? कोणी चोळलं, दाबलं?"

"नाय," येसूबाई म्हणाली.

मुतखडा असेल असं धरून डॉक्टरीणबाईनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. नवशा पांढरा पडत चालला. घामानं चादर भिजली. तो नुसता बायकोकडे बघत होता. त्यानंही तिला उघडं पाडलं नाही. येसूबाई त्याच्या पायाशी उभी राहून वाट बघत होती, की आता इंजेक्शन लागू पडेल, आता कळ उतरेल, मग कोणाला काही कळायचं कारणच नाही. बरीच वाट पाहिली तिनं. नवशाचे डोळे फिरले तेव्हा तिचं तोंड उघडलं.

"डाक्टरबाई, मी दाबलं सकाळी. इथं बघा, मोठा ठोका हाय."

डॉक्टरीणबाईनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला. धावत जाऊन सोनोग्राफीची मशीन ओढून आणली. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी, तिची भिंत झिजून फुगा झाला होता. आता तो फाटला होता आणि रक्त पाठीकडे झिरपत होतं. बोईसरला त्यावर इलाज नव्हता. मुंबईला फोन गेले, ॲम्ब्युलन्स सुटली.

मुंबईच्या सर्जननं त्याला सरळ आत घेतलं. पोट उघडून फाटक्या जागी कापडाची नळी शिवायला घेतली. नवशा टेबलावरच गेला.

"हा फुगा वर्षानुवर्षं वाढतो," सर्जन बाहेर येऊन म्हणाला. "विडी ओढणाऱ्यांत जास्त. वेळेत कळला असता तर मांडीतून नळी सरकवून बसवतो आम्ही. माणूस चालत घरी जातो. निदान आज तरी थोडं लवकर आणायला हवं होतं."

"माझ्या दाबन्यानं फुटला का?"

"फुटायच्या बेतातच होता, आजी. दाबल्यानं फुटला की आपोआप, ते मी खात्रीनं नाही सांगू शकत."

हो म्हणाला असता तरी तिला चाललं असतं. पण 'थोडं लवकर' कुठं गेलं, ते तिला कोणी सांगायला नको होतं. सुजीतला ते ठाऊक नव्हतं. दाबल्याचं त्याला कळलं होतं, तरी त्यानं आईला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट पुढ्यात बसून जेवायला लावायचा. ती पान सारून उठायची.

आणि मग साहेब, तुम्ही आलात. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये हृदयरोगाचं शिबिर, तुम्ही आरोग्य खात्याचे पाहुणे. त्याच सकाळी गोजराबाई गोमाला घेऊन येसूबाईच्या दारात आली होती. "ह्याची पन पाठ धरलीय गं. तू दाबू नको, नुसता हात लावून बघ." येसूबाईनं हात पदराखाली घेतले. टेम्पो घेण्याआधी गोमा आणि नवशा एका होडीवरचे, एका काडीवर विड्या पेटवणारे.

तुम्ही माईक धरून म्हणालात, "याच गावात एका बाईच्या अडाणीपणानं तिच्या नवऱ्याचा जीव गेला. विज्ञान दाराशी आलेलं असताना!" सगळ्या माना एकीकडे वळल्या.

"ऊठ येसू, घरी चल," गोजराबाई कुजबुजली.

येसूबाई उठली ती पुढंच गेली.

"ती बाई मीच. दाबलं मी. आनि बोईसरला डाक्टरबाईनं विचारलं तवा नाय म्हनले. खोटं बोलले. त्या खोट्यात येळ गेला." ती सुजीतकडे वळली. "तुला नव्हतं सांगितलं, बाला. आज ऐक."

सुजीतची मान खाली गेली.  येसूबाई तुमच्याकडे फिरली.

"माझं मी सांगितलं. आता हा गोमा. ह्याच्या पोटाला मी हात लावनार नाय. उद्या त्याला मशीनवर न्यायचा, तर बघनारा डाक्टर तिथं बसलेला असंल का?"

"मावशी, ती पदं भरणं माझ्याकडे येत नाही," तुम्ही म्हणालात.

"मग कुनाकडं येतं? नाव सांगा त्याचं."