खळ दिलेली फडकी

लाँड्रीवालीचा मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि घरात छापील बोलायचा. भूक लागली की म्हणायचा, "शरीराला ऊर्जेची निकड भासते आहे." आत्याने एकदा विचारलं, "काय रे, सर्दी झाली का?" तर उत्तर आलं, "नासिकेतून स्राव होतो आहे." आत्या म्हणजे लाँड्रीवालीची नणंद. ती दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची आणि तिची जीभ इस्त्रीहून गरम. ती म्हणाली, "मग ती नासिका शिंकर आणि जेवायला बस."

यात त्या पोराचा तरी काय दोष! वडील लवकर गेले आणि तो दुकानातच वाढला. इस्त्रीच्या टेबलाखाली, मळक्या कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसायचा आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचायचा. वर दोघी बायका कामात बुडालेल्या. बोलायला माणूस नाही म्हणून तो पुस्तकांशी बोलला, आणि पुस्तकांसारखाच बोलायला लागला. लाँड्रीवालीला याचा अभिमान वाटायचा, आणि मध्येच कधीतरी काळजीही.

पण शाळेत शिकवायला लागल्यापासून हा अबोल मुलगा घरी येताना चक्क शीळ घालायला लागला होता. कोपऱ्यावर शीळ ऐकू आली की लाँड्रीवाली चहाचं आधण ठेवायची. त्याआधी तो दूरच्या शहरात एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या नोकरीवर होता. तिथून आला तेव्हा गालफडं बसली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, छापील नाही की साधा नाही. ते दिवस तिला पुन्हा नको होते.

आणि नेमकी तीच पाळी आली होती. शाळेतली नोकरी हंगामी. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला बोलावून सरळ सांगितलं होतं, "तुम्हाला विषय येतो, पण मुलांना तुम्ही काय बोलता ते कळत नाही. उद्याचा तुमचा तास मी मागे बसून बघणार. मुलांना कळलं तर तुम्ही कायम. नाही कळलं तर नमस्कार." त्याने घरी येऊन एवढंच सांगितलं, "सेवेची शाश्वती अनिश्चित आहे." लाँड्रीवालीला त्यातलं अर्धंच कळलं. पण त्या संध्याकाळी शीळ ऐकू आली नव्हती, त्यावरून बाकीचं कळलं.

"वहिनी, जा की त्या मोठ्या बाईंना भेटायला," नणंद म्हणाली. "त्यांचे कपडे आपल्याकडेच येतात. धुऊन दे काही दिवस फुकट. चार गोड शब्द बोल."

"वन्सं, मी लोकांचे डाग काढते. कोणाची थुंकी झेलत नाही."

"बरं. पोरगा गोदामात गेला की बस मग ताठ मानेनं."

"बसेन," लाँड्रीवाली म्हणाली. पण मघापासून ती एकाच शर्टाच्या एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होती.

जेवणाआधी मुलाने त्याचा प्रयोगशाळेचा पांढरा कोट आणि फडक्यांचं एक बोचकं तिच्यापुढे ठेवलं. प्रयोगाच्या काचेच्या नळ्या पुसायची ती फडकी.

"आई, फडकी निर्मळ हवीत. त्यांवर पिष्टमय पदार्थाचा अंशही राहता कामा नये."

"पिठाचा?"

"पिष्टमय पदार्थाचा."

"अरे, लाँड्रीत पीठ कुठून येणार? मी काय गिरणी काढलीय?"

तो काहीतरी समजावणार होता, पण डोकं उद्याच्या तासात अडकलं होतं. "ठीक," म्हणाला आणि गेला.

लाँड्रीवालीने कोट आणि फडकी अशी काही धुतली की पाण्यालाही लाज वाटावी. धुऊन झाल्यावर मात्र तिचा हात अडखळला. कोट तर कडक होणारच होता. पण शेजारी ती फडकी मरगळल्यासारखी पडली होती. उद्या मोठ्या बाई बघायला येणार. फडकी झाली म्हणून काय झालं, आपल्या घरून गेलेली आहेत! सासूबाईंच्या वेळी खळ चुलीवर ढवळत बसावं लागायचं, आता पावडरीचा पुडा फोडला आणि गरम पाण्यात कालवला की काम झालं. तिने नेहमीपेक्षा जास्त पावडर घातली आणि कोटामागून एकेक फडकं त्या खळीत बुडवलं. लग्नाच्या शर्टाला देत नाही अशी खळ तिने त्या फडक्यांना दिली. आईची माया कुठे, किती आणि कशात ओतावी याला काही धरबंध नसतो.

शनिवारची सकाळची शाळा, आणि इस्त्री उरकायला उशीर झाला. मुलगा आधीच गेला होता, म्हणून ती स्वतःच कोट आणि घड्या घेऊन शाळेत पोचली. प्रयोगशाळेच्या दारात मोठ्या बाई उभ्याच. उंच, चष्मेवाल्या, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही की हसू नाही.

"आलाच आहात तर बसा मागे," त्या म्हणाल्या. "बघा तुमच्या मुलाचा तास."

लाँड्रीवाली मागच्या बाकावर टेकली. शेजारी मोठ्या बाई. तिने नमस्कार केला, पण गोड शब्द एकही बोलली नाही. मुलाने कोट चढवला. कॉलर अशी ताठ की त्याला मान वळवायची तर सगळंच अंग वळवावं लागत होतं.

"विद्यार्थ्यांनो," त्याने सुरुवात केली, "आज आपण अन्नघटकांतील पिष्टमय पदार्थांचे अस्तित्व आयोडीनच्या चाचणीद्वारे सिद्ध करणार आहोत."

खिडकीजवळच्या एका मुलाने जांभई दिली, ती बाकावरून बाकावर पसरत गेली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. लाँड्रीवालीच्या मनात आलं, बोल रे बाबा, माणसासारखं काहीतरी बोल.

मुलांनी नळ्या धुऊन ठेवल्या होत्या. सरांनी फडक्याचं टोक पिळवटून प्रत्येक नळीत आतपर्यंत फिरवलं आणि ती लख्ख पुसली. मग एकीत बटाटा किसून पिळलेलं पाणी ओतलं, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक, तिसरीत साखरेचं पाणी आणि चौथीत नुसतं पाणी. "केवळ पहिल्या परीक्षानळीत निळा-काळा वर्ण दृग्गोचर होईल," तो म्हणाला आणि तपकिरी आयोडीनचे थेंब टाकू लागला.

बटाट्याचं पाणी निळं-काळं झालं. छान. अंड्याचा बलक निळा झाला. साखरेचं पाणी निळं झालं. आणि मग नुसतं नळाचं पाणी, तेही बघता बघता निळं झालं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, नळाच्या पाण्यातपण पिष्टमय असतं?"

वर्गात खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. "काही विसंगती आहे," ते पुटपुटले. नवी नळी घेतली, पहिल्यापेक्षा जास्त काळजीने पुसली, पाणी ओतलं, थेंब टाकला. पाणी जास्तच निळं झालं. तिसरी नळी तर त्यांनी इतकी घासून पुसली की तिच्यातलं पाणी शाईसारखं दिसायला लागलं.

लाँड्रीवाली बाकावरून पुढे झुकली. काय बिघडलं हे तिला कळत नव्हतं, पण बिघडलंय हे कळत होतं. तिच्या डोळ्यांपुढे ते गोदाम आलं, ती बसलेली गालफडं आली. शेजारी मोठ्या बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

सरांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्याचं कोरडं टोक कोणी न धरता ताठ उभं होतं. त्यांनी त्या टोकावर आयोडीनचा एक थेंब सोडला. तिथे काळाकुट्ट डाग पडला.

"आई!" सर ओरडले. "फडक्यांना खळ घातलीस?"

लाँड्रीवाली ताडकन उभी राहिली. "घातली की! चांगली कडक घातली! एवढ्या बाई बघायला येणार म्हणून..."

"अगं, सांगितलं होतं ना, पिष्टमय काही नको म्हणून!"

"तू पिठाचं बोललास! खळीचं कुठे बोललास?"

"खळ म्हणजेच पिष्टमय!"

"मग तसं सांगायचं की मेल्या!"

एवढं तोंडातून गेलं आणि तिला एकदम आठवलं की सासूबाई चुलीवर ढवळायच्या ते शेवटी पीठच असायचं. ती मटकन खाली बसली. वर्ग हसून हसून लोळत होता. पहिल्या बाकावरची मुलगी मात्र हसत नव्हती.

"सर, पिष्टमय म्हणजे खळ? आमच्या युनिफॉर्मला असते ती?"

सर टेबलाच्या कडेवर टेकले. एखादं ओझं खाली ठेवावं तसे त्यांचे खांदे सैल झाले. "हो गं," ते म्हणाले. "तीच ती."

"आणि बटाट्यात पण तीच?"

"सख्खी बहीण. बटाट्यात, तांदळात, गव्हात. हे बघ." त्यांनी स्वतःच्या कोटाच्या बाहीवर एक थेंब टाकला. बाही काळीनिळी झाली. लाँड्रीवालीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आम्ही जेवतो तेव्हा खळ खातो?" मघाचा जांभईवाला ओरडला. तो आता बाकावर गुडघे टेकून उभा होता. "मग पोट कडक कसं नाही होत?"

"शाब्बास! का नाही होत? कारण तोंडातच तिची वाट लागायला सुरुवात होते. कशाने लागते?"

सर आजवर या जागी 'लालारसातील विकर' म्हणत आले होते. आज ते म्हणाले, "थुंकीने."

वर्गाने मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली नाही.

सरांनी एक कोरं फडकं घेतलं आणि टर्रकन फाडून त्याच्या दोन पट्ट्या केल्या. "ही साध्या पाण्यात भिजवतो. दुसरीवर कोणीतरी थुंकायचं. मीच थुंकलो असतो, पण माझ्या तोंडाला कोरड पडलीय." त्यांनी पहिली पट्टी पाण्यात बुडवली. "भीतीने पडलीय. खरं सांगतो."

मुलं एकमेकांना ढकलू लागली. तू थुंक, नाही तू थुंक. तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मोठ्या बाई बाकांमधून चालत पुढे आल्या.

"आणा ती इकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडाला काही कोरड पडलेली नाही."

आणि भर वर्गात त्या पट्टीवर व्यवस्थित थुंकल्या. असा आनंद त्या शाळेला कधी झाला नसेल.

"आता ऊब पाहिजे," सर म्हणाले, "तोंडात असते तेवढी. कोणीतरी दोन्ही पट्ट्या मुठीत धरून..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लाँड्रीवाली पुढे आली होती. चूक तिची होती, मुलगा तिचा होता, आणि तिचे हात जन्मभर इस्त्रीजवळ राहून सदा गरम. तिने डावी मूठ पाण्याच्या पट्टीवर मिटली आणि उजवी मोठ्या बाईंच्या पट्टीवर. मग आईने मुठी आवळून धरल्या आणि लेक बोलत राहिला.

काय बोलला तो! म्हणाला, खळ म्हणजे साखरेचीच चिमुकली पोरं, हातात हात धरून लांबच लांब रांगेत उभी. रांग लांब असली की आयोडीन तिच्या आत शिरून बसतं आणि निळं दिसतं. थुंकी येते आणि त्या पोरांचे हात सोडवते. रांग मोडली की आयोडीनला बसायला जागा उरत नाही. "भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला तर गोड का लागतो? पोरं सुटी झाली म्हणून!" एकही जांभई आली नाही. लाँड्रीवाली मुठी धरून त्याच्याकडे बघत होती. इस्त्रीच्या टेबलाखाली बसलेलं आपलं पोर इतक्या वर्षांनी बाहेर येऊन माणसांशी बोलतंय असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"उघड आई."

तिने मुठी उघडल्या. सरांनी दोन्ही पट्ट्यांवर एकेक थेंब टाकला. पाण्याची पट्टी काळीनिळी झाली. मोठ्या बाईंच्या पट्टीवर थेंब पडला आणि तसाच फिकट तपकिरी राहिला.

"गेली! खळ गेली!" वर्ग ओरडला. पहिल्या बाकावरची मुलगी तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

मोठ्या बाईंनी पट्टी उचलून उजेडात धरली. जरा जास्तच वेळ बघितली. आपल्या थुंकीचं इतकं कौतुक कोणाला सारखं थोडंच बघायला मिळतं! मग त्या लाँड्रीवालीकडे वळल्या.

"तुमचा मुलगा इतके दिवस या शाळेत आहे. तो काय शिकवतो ते आज मला पहिल्यांदा कळलं." आणि सरांना म्हणाल्या, "सोमवारी ऑफिसात या, कायमचे कागद तयार ठेवते. कोट घरी द्या धुवायला. आणि खळीचं जरा बेतानं सांगा."

हात साबणाने धुऊन लाँड्रीवाली दुकानात परतली. नणंद दारातच उभी होती.

"काय झालं गं?"

"कायम झाला."

"हुश्श! तरी मी सांगत होते. भेटलीस ना मोठ्या बाईंना? बोललीस चार गोड शब्द?"

"शब्द नाही बोलले," लाँड्रीवाली म्हणाली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि उजव्या हाताची मूठ मिटून नणंदेपुढे धरली. "पण वन्सं, थुंकी मात्र झेलली. ह्या मुठीत."

नणंद ती मूठ उलगडून बघायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यावर शीळ ऐकू आली.