माह्या रागाचं इंग्रजी

स्थळ मीच पाह्यलं, अन् आता राग बी मलेच येऊन राहिला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगाव तं कोनाले?

अनुप, माहा पोरगा, गेल्यावर सून मनाली आमच्यासंगच सिहोऱ्यात राह्यली. तुमसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. वय काय तिचं, सारी जिंदगी पडली आहे. म्हनून मीच भंडाऱ्याचा अतुल शोधला. नोकरीवाला, पहिली बायको वारलेली, बोलाले सीधा. विहारात साधंसं लग्न लावू असं ठरलं. मनालीनं एकच म्हनलं, "आई, तुमी नको म्हनसान तं मी नाही जात." मी म्हनलं, "जाय ना, मले काय." झालं, तवापासून माहं डोकं फिरलं.

तिनं भाजीत मीठ जास्त टाकलं तं राग, कमी टाकलं तं राग. अतुलचा फोन आला अन् ते हासली का मले वाटे, फोन विहिरीत फेकाव. मंग वाटे, हासू दे ना वं, किती दिवसानं हासून राहिली. आता हे काय होय, तुमीच सांगा.

संध्याकाळी ओसरीत तिची ट्युशन राहे. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसो. त्या दिवशी दुःखाचे, रागाचे इंग्रजी शब्द चालू होते. पोट्ट्यायच्या ध्यानात राहाव म्हनून मनाली शब्दाचं मूळ सांगे. "सॅड म्हंजे जुन्या काळी पोट भरलेला," ते म्हने.

मी मधातच बोलली, "पोट भरलेला दुःखी? मंग उपाशी काय नाचते?"

पोट्टे हासले. मनाली म्हने, "आई, पोट भरलं का जड वाटते. जड झाला, मंग उदास झाला. असा फिरत फिरत आला तो शब्द." वरी म्हंजे काळजी, तिचं मूळ म्हने गळा दाबनं. हे मले पटलं, काळजीनं घास उतरत नाही हे कोनाले बी मालूम. मंग मी आपलं सहज इचारलं, "अन् जेलस?"

"त्याचं मूळ उत्साहाचं, आई."

घ्या. उत्साहानंच तं स्थळ शोधलं होतं मी. मंग आता मी त्या अतुलवर जळून राहिली का काय? त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

शेवटी तिनं अँगर सांगितला. हा शब्द म्हने समुद्रापल्याडून इंग्रजीत आला, अन् तवा त्याचा अर्थ राग नव्हता, दुःख होता. राग मंग झाला.

पोट्ट्यायनं लेहून घेतलं. माह्या हातातलं सूप तसंच राह्यलं. दुःखाचा राग कसा होते बावा? दुःख झालं तं मानूस रडते. अनुप गेला तवा मी रडली, साऱ्या गावानं पाह्यलं. आता तं चांगलं होऊन राहिलं, मंग हे कोनतं दुःख? माह्या बुढ्याले, अनुपच्या बापाले, मंगरूले, इचारलं तं तो म्हने, "तुले इंग्रजी कायले पायजे? मराठीत का कमी भांडतं?"

रविवारी भंडाऱ्याचे पाहुने आले. जयभीम झाला, पानी झालं. मनाली आत चहा मांडून होती. अतुलची माय सुलोचनाबाई म्हने, "धुरपताबाई, होकार तुमच्या तोंडानं पायजे. पोरगी तुमच्या शब्दावर अडून आहे."

एक 'नको' म्हनलं असतं तं ते राह्यली असती. शब्द जिभेवर आला होता, खोटं कायले बोलू.

सुलोचनाबाई मले धीर द्याले म्हने, "आमच्या घरी कोनी कोनावर रागवत नाही, बाई. सुखात राहीन ते."

"असं नका करू," मी म्हनलं. "तिच्यावर रागवा लागते. पेपर तपासाले बसली का जेवाचं भान राहत नाही तिले. हाक मारली तं 'हो आई' म्हनते अन् बसूनच राहते. खेकसलं तवा उठते. कोनी रागवलं नाही तं उपाशी झोपन ते."

बुढा खाली पाहत बसला. मनाली चहा घेऊन दारात आली होती, ते तिथंच रडाले लागली. मंग कप खाली ठेवून माह्याजवळ येऊन बसली.

सुलोचनाबाईनं हळूच इचारलं, "मंग, द्याची ना?"

"द्याची आहे," मी म्हनलं. पन तिचा हात मी धरला होता, अन् तो काही माह्यानं सुटेना.