धोंडाआत्याचं पाणी

बसा वो. तुमच्या मोटरची वायंडिंग सुकायला येळ हाय. तवर धोंडाआत्याची गोष्ट सांगतो, ऐका.

आत्या आमच्या देगलूरच्या ख्रिस्ती गल्लीतली सुईण. मी जन्मलो ते निळाच. पाद्री नांदेडात. पर लेकरू बिनपाण्याचं, बिननावाचं जाऊ न्हाई, ही जुन्या चर्चची रीत. आत्यानं तांब्यातलं पाणी टाळूवर घातलं, बाप, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं. तोंडात आलं ते नाव ठिवलं, प्रेम. अन् मी रडलो की! मागून पाद्री आले, म्हणले, "झाला बाप्तिस्मा. परत कशाला?"

असं लई लेकरांना तिनं पाणी घातलं. बरीच जगली न्हाईत.

औंदा नवे पास्टर आले, शिवकुमार. माणूस सोन्यावानी. माझी सासू दवाखान्यात व्हती तर हे तिला पेज भरवत बसले. पर चर्चात म्हणले, "शास्त्रात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. तान्हं बाळ काय विश्वास ठेवणार? सगळ्यांनी नदीत बुडून बाप्तिस्मा घ्यायचा."

बायको, उज्वला, तयार झाली. मला म्हणती, "चला की. पाण्याला भेता का?"

"भेत न्हाई. पर मी बुडलो की आत्याचं पाणी खोटं पडतंय."

आत्या आता खाटंवरच असती, कान मातर शाबूत. कळलंच तिला.

"प्रेम्या, तू जगलास, तुझं तू बघ. पर जी गेली त्यांच्या आयांना म्या सांगितलं, लेकरू देवाचं होऊन गेलं. म्या लबाड बोलले का रं?"

मी तिच्याकडं पास्टरलाच घेऊन गेलो.

ते खाटंपाशी खालीच बसले. मग म्हणले, "आत्या, लिहिलेलं मला बदलता येत नाही. त्याला मी बाप्तिस्मा म्हणणार नाही."

आत्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"पण येशूनं लेकरांना कवेत घेतलं, तेही त्याच शास्त्रात आहे. तिथं त्यानं पाण्याचं विचारलं नाही. तुम्ही लबाड नाही बोललात."

आत्या वळली. "मग त्यांची नावं चर्चात घ्या. जुने पाद्री दरसाल घेत व्हते."

"मेलेल्यांसाठी प्रार्थना शास्त्रात नाही, आत्या."

"प्रार्थना कोण मागतंय मेल्या? निसती नावं!"

पास्टर हसले. "तुम्हीच घ्या. रविवारी या."

"उडत येऊ का?"

मी काय नदीत गेलो न्हाई. उज्वला बुडली, मी काठावर तिचा टावेल धरून. पास्टर अजून मागं लागून राहिलेत. मी म्हणतो, "सायेब, मी कवाचाच ओला हाय." हे जेवतो-खातो, लेकराबाळांचं बघतो, म्हातारीचीच किरपा हाय वो. कशी इसरू?

तर रविवारी आत्याला खाटंसकट न्यायचं हाय. एक पाय पास्टर धरणार, एक मी, एक माझा मेहुणा. चौथ्या पायाला माणूस घावंना. तुमी येता का?