आधी कुठे वाजवायचं

माझी मावशी कुलपं दुरुस्त करते. गावातल्या अर्ध्या दारांवर तिचा नंबर चिकटवलेला आहे, कारण काम झालं की चौकटीवर नंबर डकवल्याशिवाय ती पायरी उतरतच नाही. टेलिफोन कंपनीने जुन्या तारा काढायला घेतल्या तेव्हा तिने मला दम भरला, "नंबर बदलला तर मला मावशी म्हणू नकोस."

मी त्याच कंपनीत आहे. नंबर तोच राहतो, हे तिला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. आता फोन इंटरनेटवरून येणार. त्यासाठी आम्ही नंबर उलटा लिहितो, शेवटचा आकडा आधी, आणि आकड्याआकड्यात टिंब देतो. मग तो वेबसाइटच्या नावासारखा होतो आणि इंटरनेटवर नावं शोधणाऱ्या यंत्रणेला विचारता येतं, की हा नंबर लावला तर वाजवायचं कुठे? उत्तरात एकाहून जास्त जागा चालतात. मावशीने दोन दिल्या, दुकानातला फोन आणि दुकान बंद असेल तेव्हासाठी घरातला टॅब.

"पण आधी कुठे वाजवायचं, हे त्याला कसं कळणार?" तिने विचारलं.

"प्रत्येक जागेपुढे आकडा टाकायचा असतो. काकांना सांग, ते भरतील," असं म्हणून मी काम तिच्या नवऱ्यावर ढकललं आणि मोकळी झाले.

नवा फोन आला आणि दुकान चिडीचूप झालं. नेमकं समोरच एक चकचकीत कुलपांचं दुकान उघडलं होतं. गिऱ्हाइकं तिकडे गेली, असं मावशीने धरून टाकलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "महिनाअखेर शटर ओढते. हत्यारं विकायची आहेत, कुणी असेल तर सांग."

मावशी रडणाऱ्यातली नाही. ती पाना पुसत होती, पुसून झालेला तोच पाना पुन्हा पुन्हा. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. तिथेच उभं राहून मी तिचा नंबर लावला.

दुकानातला फोन ढिम्म. माझ्या कानात मात्र आवाज आला, "बोल बाळा. किल्ली शेवटची कुठे पाहिली होतीस?"

मावशीच्या सासूबाई! पाय अधू झाल्यापासून त्या खाटेवरच असतात, उशाशी तो टॅब.

"आजी, तुम्ही?"

"मीच. तूही बाहेर अडकलीस का? आधी पिशवी उलटी कर. अस्तर फाटलंय का बघ."

आम्ही दोघी तशाच घरी धावलो. आजी मजेत होत्या. दिवसभर माणसं फोन करायची, घाबरलेली. आजी त्यांना आधी खाली बसवायच्या, मग शांतपणे एकेक विचारायच्या. कुणाची किल्ली दुसऱ्या कोटात निघाली, कुणाची फ्रिजमध्ये, एकाची तर दारालाच बाहेरून लटकत होती.

"आणि ज्यांची सापडलीच नाही?" मावशीने विचारलं.

"त्यांना सांगितलं, आता एखादं कुलपांचं दुकान गाठा."

"म्हणजे समोरचं! आई, अहो, ती माझी गिऱ्हाइकं होती!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, नव्या फोनात लोक असंच कुणालाही विचारतात."

मी काकांकडे वळले. काका गणिताचे मास्तर, जन्म पेपर तपासण्यात गेला. "मी तर दुकानाला शंभर दिले," ते छाती काढून म्हणाले. "पैकीच्या पैकी! घराला जेमतेम दहा."

"काका, हे मार्क नव्हेत, हा रांगेतला क्रमांक आहे. लहान आकडा आधी!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो पुन्हा लावायचं धाडस केलं नाही.

मी आकडे फिरवले. यंत्रणेला जुनं उत्तर काही वेळ आठवत राहतं, म्हणून फरक पडला तो दुसऱ्या दिवशी. मग मात्र दुकानातला फोन घणघणतच राहिला. मावशीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि हत्यारं विकायची गोष्ट तर मी सोडून कुणाला आठवतही नव्हती. संध्याकाळी तिच्याबरोबर मी मिरवतच घरी गेले.

आजी टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय गं," त्यांनी मला विचारलं, "आज कुणाचीच किल्ली हरवली नाही का?"

माझी मिरवणूक तिथेच संपली.

"मला सहज म्हणून फोन कोण करणार?" आजी म्हणाल्या. "किल्लीसाठी का होईना, करत होते बिचारे."

मावशी हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी होती. मग म्हणाली, "आकडे परत होते तसे कर."

"अगं, पण दुकान?"

"आई सोडवतील त्यांना सोडवतील. उरलेल्यांना माझ्याकडे धाडतील, समोर नाही. आणि ज्यांची किल्ली सापडली, त्यांना जास्तीची एक करून घ्यायला सांगतील. सांगाल ना, आई?"

"दटावून सांगेन," आजी म्हणाल्या.

"म्हणजे माझे आकडे बरोबरच होते," काका म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्या आठवड्यात किल्ल्या घासून घासून मावशीचे हात काळे झाले. येणारा प्रत्येक जण हेच सांगायचा, आजी रागावल्या म्हणून आलोय. शटर ओढायची महिनाअखेर आली कधी नि गेली कधी, कळलंही नाही.

परवा मी दुकानात होते. गर्दी ओसरली तशी मावशीने फोन उचलला आणि स्वतःचाच नंबर लावला.

"लागतो का बघते," ती मला म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

पलीकडून मलाही ऐकू आलं, "बोल बाळा. किल्ली कुठे ठेवली होतीस?"

"किल्ली आहे, आई. मी बोलतेय. सहज केला फोन."

पलीकडे खाट करकरली. मग आजी म्हणाल्या, "थांब हं, जरा उठून बसते."