बोलणार मीच

झेरॉक्सवाल्या ताईंची जीभ जन्मापासून जड. एकेक शब्द ओढून काढावा लागे, मानही सोबत हलायची. डोकं मात्र कात्रीसारखं चालायचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की थोरला भाऊ मध्ये पडून त्यांचं वाक्य पुरं करायचा. करायचा मायेनंच, पण कधीकधी वाक्य भलतंच व्हायचं.

ताई प्रभागाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा भावाने कपाळाला हात लावला. दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव टांगणीला लागायचा. सिग्नलसाठी नगरसेवकाकडे खेटे घालून ताईंच्या चपला झिजल्या होत्या. आता आपणच पालिकेत जाऊन बसायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. शेवटी भाऊ नमला. भाषण तू लिही, वाचतो मी, म्हणाला.

शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांची सभा भरली. ताईंची पाळी येताच भाऊ कागद घेऊन उठला. तेवढ्यात मागून गल्लीतल्या बेकरीवाल्याने विचारलं, तेही भावालाच, "या निवडून आल्या तर तिथं बोलणार कोण? तुम्ही?"

लोक हसले. भाऊ गोरामोरा झाला. तो काही बोलणार, इतक्यात ताईंनी त्याची बाही धरली.

"दादा, तू बस."

त्या माइकपाशी गेल्या. "बोलणार मीच. तुम्हाला जरा थांबावं लागेल." एवढ्यालाच बराच वेळ गेला. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. ताईंनी रस्त्याचा विषय काढला, तोच वेळ संपल्याची घंटा वाजली. सभा चालवणारे मास्तर माइक घ्यायला पुढे आले. ताईंनी तो सोडला नाही.

"बाकीच्यांइतकंच बोलणार आहे, मास्तर. शब्द मोजा. घड्याळ नको."

मास्तर घुटमळले. मग त्यांनी घंटा टेबलाखाली ठेवली. ताईंचं बोलणं संपलं तेव्हा त्यांचा पदर घामाने भिजला होता, आणि बेकरीवाला अजून जागेवरच होता.

ताई निवडून आल्या, अगदी काठावर. पालिकेच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी गोड आवाजात सुचवलं, की ताईंनी आपलं म्हणणं लेखी द्यावं, उगाच त्रास कशाला. त्रास मला होत नाही, असं सांगून ताई उभ्या राहिल्या. अध्यक्ष छताकडे बघत बसले. सिग्नलचा विषय पुढे ढकलला गेला.

पुढच्या बैठकीत ताईंनी तोच विषय काढला, पहिल्या शब्दापासून. यावेळी अध्यक्षांनी पेन उघडलं.