आमेन म्हणायच्या आधी

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. नाहीतर हात काळे करून घ्याल आणि घरी आईनं विचारलं की नाव माझं सांगाल. मी डेग आहे, पंगतीचं शिजवायची, तांब्याची, जुनी, तुमच्या आजोबांनासुद्धा 'अरे पोरा' म्हणू शकेन इतकी जुनी. हल्लीची ती हलकी पातेली असतात ना, वारा आला की अंगणभर लोळणारी, त्यातली मी नाही. मला उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही कुरकुरतात.

माझा जन्म जुन्या जालन्यातला. ज्या तांबटानं मला घडवलं तो भारी तिरसट होता. गिऱ्हाईक घाई करू लागलं की हातोडा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "जल्दी असंल तर दुसरीकडं जा." त्यानं मला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की मला वाटलं आपलं काही खरं नाही. पण तेव्हा सोसलं म्हणून आज उभी आहे. पुढे बैलगाडीत बसून मी आष्टीजवळच्या माळावर आले. तिथे शांतिमळा नावाची जागा आहे. आसपासच्या गावांतले ख्रिस्ती लोक तिथे प्रार्थनेला येतात, चार दिवस राहतात, मन हलकं करून परत जातात. कडुलिंबाची झाडं, एक विहीर, पत्र्याची लांबलचक सभाशाळा, आणि मागे माझी चूल.

वर्षातून एकदा, सोयाबीन निघालं की, तिथे उपकारस्तुतीचं शिबिर भरतं. तीन दिवस गाणी, प्रार्थना, साक्षी. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. रडतात, हसतात, आणि एकमेकांना सलाम करून मोकळे होतात. ते तीन दिवस सगळे उपास धरतात. शेवटच्या दिवशी दुपारी पंगत बसते आणि उपास सुटतो. ती पंगत माझ्यातली! अहाहा, काय ते दिवस होते. शिबिर जवळ आलं की कल्हईवाला यायचा, मला आतून चांदीसारखं करायचा, आणि बायका वाकून माझ्यात तोंड बघायच्या.

या पंगतीचे दोन नियम होते, ते नीट ऐका. पहिला, स्वयंपाक करणाऱ्यानं चाखायचं नाही, कारण त्याचाही उपास. आमचा आचारी अंगद वासावरून मीठ ओळखायचा आणि त्याचा त्याला कोण ताठा! दुसरा नियम उपकारांचा. ताटं वाढून झाली की पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, डोळे मिटून, ज्यानं ज्यानं जे जे दिलं त्याचं नाव घेऊन देवाचे उपकार मानायचे. "धर्मराज पाटलांनी वांगी दिली, त्यांच्यासाठी उपकार." धर्मराज शेजारचे शेतकरी. ते ख्रिस्ती नव्हेत, पण दरवर्षी पोतंभर वांगी पाठवतात आणि नाव ऐकायला मुद्दाम येऊन बसतात. ज्याचं नाव येईल त्यानं मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं, मग पुढचं नाव. सगळी नावं संपेपर्यंत घासाला हात लावायचा नाही. पोरांचे पाय आखडायचे, भाकऱ्या गार व्हायच्या. मीही मनातल्या मनात म्हणायचे, आटपा की हो!

आता त्या वर्षाचं सांगते.

आष्टीच्या दैवशालाबाई शिबिराला पहिल्याच दिवशी आल्या. विधवा बाई, भारी मानी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. सोबत चार वर्षांची नात, शालू. सून बेबीनंदा घरी सोयाबीनची रास करायला थांबली होती, ती शेवटच्या दिवशी येणार होती. दैवशालाबाईंच्या डोक्यावर गाठोडं होतं. अंगदच्या पुढ्यात ते ठेवून म्हणाल्या, "हरभरा हाय. घरात सगळ्यात चांगला ह्योच व्हता. बोटाला लागतोय बघ कसा टप्पोरा, एकसारखा! देवाला पाखडलेलं उरलंसुरलं द्यायचं व्हय?"

अंगद खूश. उपास सोडायला उसळ ठरली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दैवशालाबाईंनी हरभरा स्वतःच धुतला. लाईट गेली होती. हातपंपाजवळ, माझ्या पायाशी बसून त्यांनी तो चोळून चोळून तीन पाण्यांनी धुतला आणि भिजत घातला. पहिलं पाणी माझ्या बुडाशी वाहत आलं. मित्रांनो, ते पाणी गुलाबी होतं. मला वाटलं, बाईंच्या नव्या लुगड्याचा रंग गेला असेल. वाटलं आणि सोडून दिलं.

सकाळी अंगदनं तो फुगलेला हरभरा माझ्यात ओतला, खाली जाळ केला, आणि माझ्या पोटात काहीतरी उग्र उठलं. कपाशीवर फवारणी झाली की शिवारात जो दर्प सुटतो, अगदी तो. फेसाला किंचित लाली. तेव्हा मला सगळा उलगडा झाला. हा खायचा हरभराच नव्हता! हे पेरणीचं बियाणं होतं. कीड लागू नये म्हणून त्याला औषध चोळतात, आणि कोणी खाऊ नये म्हणून रंग देतात. दैवशालाबाईंनी रंग धुऊन टाकला होता. औषध पोटात शिरलेलं तसंच होतं.

अंगद, बघ रे बाबा! पण मला तोंड एवढं मोठं आणि वाचा नाही. त्यानं कांदा-लसणाची फोडणी दिली, मूठभर काळा मसाला टाकला, आणि तो दर्प मसाल्याखाली दबून गेला. चाखायचं तर नव्हतंच.

मग मी एक गोष्ट केली. उभ्या आयुष्यात मी कधी अन्न तळाला लागू दिलं नव्हतं. त्या दिवशी मी लावलं, मुद्दाम. म्हटलं, करपल्याचा वास आला तर ओतून तरी देतील. अंगदनं नाक मुरडलं, दोन लाकडं बाहेर ओढली, तांब्याभर पाणी घातलं आणि माझ्या अंगावर उलथनं मारून म्हणाला, "म्हातारी झाली बिलकुल. आता तुला मोडीत घालावं लागतंय." मला रडूच आलं असतं.

दुपार झाली. पंगत माझ्या चुलीसमोरच बसली. पत्रावळींवर भाकरी, धर्मराज पाटलांच्या वांग्यांची भाजी, आणि द्रोणात माझी उसळ. शालू आजीच्या मांडीवर बसली होती, अगदी पहिल्या ओळीत. बेबीनंदा तेवढ्यात रिक्षातून उतरली, घाम पुसत आली आणि जागा नव्हती म्हणून शेवटच्या ओळीत बसली. तिचं आणि सासूचं अजून बोलणंही झालं नव्हतं.

पाळक कारभारीसाहेब उभे राहिले. एवढ्यात प्रेम पुढे झाला. प्रेम म्हणजे तरुण मंडळींचा पुढारी, मनाचा चांगला, पण सदा घाईत. "साहेब, ऊन बघा किती झालंय. लेकरं उपाशी हायेत. यंदा नावं ऱ्हाऊ द्या ना. सगळ्यांसाठी एकदाच उपकार माना, देवाला समजतंय."

पंगतीतून दोघांतिघांनी 'बराबर हाय' म्हटलं. साहेबांनी उन्हाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि मान हलवली.

म्हणजे आता एकच वाक्य, आणि मग दोनशे माणसं पहिला घास उचलणार. साहेबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. फक्त शालूचे उघडे होते. तिचा हात हळूच द्रोणाकडे निघाला होता.

"हे स्वर्गीय पित्या, ज्यांनी ज्यांनी या अन्नासाठी हातभार लावला त्या सर्वांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. येशूच्या नावानं..."

शालूनं एक दाणा उचलला.

"साहेब!" दैवशालाबाईंचा आवाज. सगळे चपापले. प्रार्थनेच्या मध्ये कोणी बोलत नाही हो! "साहेब, माझ्या हरभऱ्याचं नाव राह्यलं की."

कोणीतरी फिसकन हसलं. एक बाई पुटपुटली, "म्हातारीला काय हौस!" दैवशालाबाई लाजल्या, पण हटल्या नाहीत. "मोठेपणा न्हाई वो साहेब. एवढ्या लांबून डोक्यावर आणला. नाव घ्या, मंग आमेन म्हना."

साहेब हसले. डोळे मिटूनच म्हणाले, "आमच्या दैवशालाबाईंनी हरभरा दिला, त्यांच्यासाठी..."

"कोणता हरभरा?"

शेवटच्या ओळीत बेबीनंदा उठून उभी राहिली होती. "आत्या, कोणता हरभरा आणला तुमी? घरात खायचा हरभरा कुठं व्हता?"

"अगं, पत्र्याच्या डब्यातला. टप्पोरा..."

"आत्या, ते बी हाय! औषधाचं बी! पिशवी फाटली म्हून म्या डब्यात ओतल्तं!" आणि ती किंचाळली, "कुनी खाऊ नका! हात लावू नका!"

ती पत्रावळी तुडवत, द्रोण लाथाडत पुढे धावली. शालूचा दाणा ओठांवर होता. बेबीनंदानं तिच्या हातावर असा फटका मारला की दाणा उडून माझ्या कडेला येऊन आपटला. पोरीनं भोकाड पसरलं. त्या रडण्याइतकं गोड गाणं मी शांतिमळ्यात कधी ऐकलं नाही.

मग एकच धावपळ. अंगदनं डोक्यावर हात मारून घेतला, "म्या चाखलं असतं तर!" धर्मराज पाटलांनी त्याला खांद्याला धरून हलवलं. "चाखलं असतंस तर पहिला तूच गेला असतास, येड्या. उठ, खड्डा खणू." विहिरीपासून लांब, माळाच्या टोकाला खोल खड्डा खणून माझ्यातली सगळी उसळ पुरून टाकली. शालूला आणि दैवशालाबाईंना प्रेमनं जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, थांबवून घेतलं, बाईंचे हात साबणानं धुवायला लावले. पोटात काही गेलं नव्हतं. उन्हं उतरताना दोघी परत आल्या, तोवर कोणी जेवलं नव्हतं. एकजणही नाही.

दैवशालाबाई पंगतीकडे गेल्याच नाहीत. माझ्याजवळ आल्या, चाचपडत माझा काठ धरला आणि खाली बसल्या. "देवाला इख देल्तं म्या," एवढंच म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मला वाटलं, ही बाई आता इथे कधी पाऊल टाकणार नाही, आणि कोणाला काही देणारही नाही.

बेबीनंदा येऊन शेजारी बसली. "चूक माझी हाय आत्या. खायच्या डब्यात इखाचं बी ठेवलं, अन् तुमाला सांगितलंबी न्हाई."

पंगत पुन्हा बसली होती. नव्या पत्रावळी, टोपलीतल्या भाकऱ्या आणि वेगळ्या भांड्यात शिजलेली वांगी. कारभारीसाहेब पंगत सोडून माझ्यापाशी आले आणि तिथूनच त्यांनी प्रार्थना सुरू केली. या वेळी एकही नाव गाळलं नाही. पिठाचं, मिठाचं, लाकडांचं, वांग्यांचं, जीपच्या डिझेलचं. प्रत्येकाचं आमेन येत गेलं. प्रेमचा आवाज तर सगळ्यात मोठा.

शेवटी ते थांबले.

"माझं नाव घिऊ नका साहेब," दैवशालाबाई म्हणाल्या. "हात जोडते."

साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, मी घाई केली. मी जवळजवळ आमेन म्हणूनच टाकलं होतं. तुम्ही अडवलं नसतं तर आता मी इथं कुणाची नावं घेत बसलो असतो?" मग त्यांनी डोळे मिटले. "पित्या, दैवशालाबाईंनी आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं तुला दिलं. त्यांच्यासाठी उपकार."

आता आमेन त्यांचं होतं, दुसऱ्या कोणी म्हणायचं नव्हतं. बाई गप्प. पंगत गप्प. दोनशे माणसं, तीन दिवसांची उपाशी, समोर भाकरी, आणि एकाचाही हात हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, हे लोक रात्रभर असेच बसतील, पण या बाईवाचून जेवणार नाहीत.

शालू आईच्या मांडीवरून वाकली. "आज्जे, म्हन ना. भूक लागली."

दैवशालाबाईंनी दोन्ही हात माझ्या काठावर ठेवले. मी अजून कोमट होते. आणि त्या म्हणाल्या, "आमेन."

मित्रांनो, त्यानंतर माझ्यात कधी काही शिजलं नाही. घासली, उकळली, उन्हात पालथी घातली, पण पंचमंडळींनी ठरवलं ते बरोबरच ठरवलं, उगाच जोखीम नको. नवं पातेलं आलं. मी इथे लिंबाखाली पडून असते, अंगावर हिरवी पुटं चढतात, कुत्री येऊन सावलीला बसतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. कधीतरी चिंच-मीठ घेऊन या आणि मला घासा, माझं अंग अजून लखलखेल.

पण तुमच्याकडे खरं मागणं वेगळंच आहे. घरात औषधाचं बी असेल, फवारणीचं काही असेल, तर ते खायच्या डब्यात कधीही ठेवू नका, आणि आजी-आजोबांना हाताला धरून दाखवा की हे काय आहे. ताट समोर आलं की हे कोणी पिकवलं, कोणी आणलं, कोणी रांधलं ते विचारा, त्यांची नावं घ्या, आणि एखादी म्हातारी मध्येच म्हणाली की माझं नाव राह्यलं, तर हसू नका रे. थांबा. घास खाली ठेवा, आणि तिचं काय म्हणणं आहे ते आधी ऐकून घ्या.