उपाशी उंदरांची यकृतं

"सर, तुम्ही खोटं छापायला निघालात, आणि सही माझी मागताय."

प्राणिघरातल्या ताईने हे इतक्या थकल्या आवाजात सांगितलं, की विभागप्रमुखांना आधी ते नेहमीचं रडगाणंच वाटलं. नाकाला रुमाल लावून ते उभे होते. हातात नवी कोरी नोंदवही.

एकवीस वर्षं ताई इथले प्रयोगाचे उंदीर सांभाळत होती. यंदाचं काम एथिओनिनचं. शरीराला लागणाऱ्या एका अमिनो आम्लाचा हा तोतया. यकृत फसतं, त्याला आपलं मानून कामाला जुंपतं. त्यात पेशींची ऊर्जा अडकून पडते आणि आरएनए बनणं मंदावतं. सरांच्या आलेखात ते निम्म्यावर आलं होतं. सर खूश.

पण उरलेलं खाणं रोज सकाळी ताईच तोलायची, वहीत लिहायची. खाण्यात विष मिसळलेले उंदीर पाचव्या दिवसापासून दाण्याला तोंड लावेनात. कंट्रोलचे, म्हणजे बिनविषाचे, आडवा हात मारत होते. ती तेव्हाच म्हणाली होती, "विषाचे खातात तेवढंच कंट्रोलच्यांनाही मोजून घालू या. नाहीतर भुकेचं पाप विषाच्या माथी जायचं." उत्तर मिळालं होतं, "ताई, तुम्ही पिंजरे बघा."

आता सरांचा शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या तज्ज्ञाने नेमकं तेच विचारलं होतं: दोन्ही गटांनी सारखंच खाल्लं का?

"या वहीत खाण्याचे आकडे तेवढे सारखे करायचे," सर म्हणाले. "तासाभराचं काम."

"आणि जुनी वही?"

"जुन्या वह्यांना वाळवी लागते."

"माझ्या खोलीत वाळवी नाही, सर. मी फिरकू देत नाही."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना? जपून."

ताई स्टुलावर बसली. पाय सुजले होते. सही ठोकून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण यकृतं काढायला साठ उंदरांच्या माना तिने स्वतःच्या हातांनी मोडल्या होत्या. त्या काय असल्या आकड्यांसाठी?

तिने नवी वही ओढली. पहिल्याच पानावर लिहिलं: कंट्रोलचे उंदीर पोटभर जेवले, विषाचे उपाशी राहिले. खाली सही, तारीख.

"घ्या. झाली सही."

सरांनी वाचलं. "याचे परिणाम कळतात तुम्हाला?"

"ते कळतात हो. मला एवढंच कळत नाही, की ती यकृतं विषाने थंडावली की भुकेने? तुम्हाला तरी माहीत आहे का? सांगा. मी बसलेय."